पिरिहिराची दोन मशिनं

पिरिहिराच्या मागच्या पडवीत दोन वॉशिंग मशिनं होती आणि त्यांनी जन्मात एकमेकांच्या कामात तोंड घालायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. काचेच्या दाराचं मोठं मशीन कपड्यांचं. कोपऱ्यातलं छोटं, सुरू झालं की थरथरत पडवीभर फिरायला निघणारं, ते फडक्यांचं. फडकी म्हणजे भांडी पुसायची. ज्यानं ताट पुसायचं ते फडकं अंगाला लागलेल्या कपड्याबरोबर एका पाण्यात जायचं नाही. ताटाचं ते ताटाचं आणि अंगाचं ते अंगाचं. ओपोतिकी गावातल्या माओरी घरांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि ज्याला नसतं त्याला पाठीत धपाटा बसून ठाऊक होतं.

पण बाकीच्यांच्या घरी हा नुसता नियम होता. पिरिहिराच्या घरी ती नोकरी होती, बिनपगारी, तीस वर्षांची. गावात कुणी गेलं की सगळं गणगोत मराएवर, म्हणजे कुळाच्या सामाईक सभागृहात जमतं, तीन दिवस मयतापाशी बसतं, रडतं, गातं आणि रोज तीन वेळा जेवतं. त्या दोनशे-अडीचशे माणसांची ताटं पुसणारी फडकी पिरिहिराच्या छोट्या मशीनमधून जायची. एकूण दोनशे चाळीस फडकी. कशावर राणीच्या लग्नाचं चित्र, कशावर किवी पक्षी, कशावर सत्त्याऐंशी सालचं कॅलेंडर. ती एकेक फडकं ओळखायची. मराएवर तिला भाषण करायला कुणी उभं करत नसे आणि तिला ते नकोच होतं. फडकी पिरिहिराकडे असतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि तेवढ्यावर ती गावात ताठ मानेनं चालायची.

या सुरळीत संसारात जिम घुसली ती सुनेमुळे. होहेपा, म्हणजे पिरिहिराचा मुलगा, कर्स्टनला घेऊन आला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून आला होता. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. कर्स्टन पार दक्षिणेची, इन्व्हरकार्गिलची. पाकेहा, गोरी, उंच, पाय घरभर. सुरुवातीला ती सासूला सरळ नावानं हाक मारायची. पिरिहिरा ऐकू आलं नाही असं दाखवत राहिली. दीड वर्षानं एकदा कर्स्टनच्या तोंडून ‘मा’ निघालं आणि पिरिहिराला पहिल्याच हाकेला ऐकू आलं.

त्याच सुमारास एरुएराच्या रक्तात साखर निघाली. एरुएरा हा पिरिहिराचा नवरा. उभा जन्म जंगलात लाकूड तोडण्यात घालवलेला आणि निवृत्त झाल्यापासून उभा राहायचंच विसरलेला. डॉक्टरनं सांगून पाहिलं, पिरिहिरानं ओरडून पाहिलं. कर्स्टननं काहीच सांगितलं नाही. एका सकाळी गाडी सुरू करून हॉर्न वाजवत बसली आणि म्हातारा बाहेर येईपर्यंत वाजवतच राहिली. किवीफळांच्या जुन्या गोदामात कुणीतरी जिम काढली होती, तिथं घेऊन गेली. वर्षभरात एरुएरा अकरा किलोनं उतरला आणि आपले दंड आल्यागेल्याला दाखवू लागला. पिरिहिरानं तेव्हापासून सुनेचे शंभर गुन्हे मनातल्या मनात माफ करून टाकले होते. फक्त कपडे धुण्याचा गुन्हा तेवढा त्या शंभरात बसत नव्हता.

कारण जिमचे कपडे! तीन माणसांचे, रोजचे, घामानं चिंब. पिरिहिराचं शास्त्र सोपं होतं. घाण गरम पाण्याला भिते आणि वास उन्हाला. पिवळा साबण किसून टाकायचा, नव्वद अंशांवर काटा ठेवायचा, आणि मग तारेवर भर उन्हात. तिच्या आईनं तसं केलं, आजीनं तांब्याच्या हंड्यात उकळून केलं, कुणाला कधी वास आला नाही. कर्स्टनचं म्हणणं, हे कापडच वेगळं. ताणणाऱ्या कापडात घामाचं तेल अडकून बसतं. त्याला आधी व्हिनेगरच्या गार पाण्यात अर्धा तास भिजवायचं, उलटं करून धुवायचं, मऊ करायचं सुगंधी औषध चुकूनही घालायचं नाही, आणि वाळवायचं सावलीत. सावलीत वाळवायचं, हे ऐकून पिरिहिरानं आकाशाकडे पाहिलं होतं. ओपोतिकीत देवानं एवढं ऊन फुकट दिलंय ते काय गोगलगायींसाठी?

होहेपाचं शास्त्र असं की ओले कपडे पिशवीत कोंबून गाडीच्या मागे तीन दिवस ठेवले की कुणीतरी आपोआप धुतं. एरुएरा म्हणायचा, धुवायचेच कशाला, प्लमच्या झाडाला टांगा, वाऱ्यानं होतात साफ. त्याचा शर्ट त्यानं एकदा खरंच टांगला होता. त्या वर्षी पाखरांनी प्लम खाल्ले नाहीत, असं होहेपा सगळ्यांना सांगत फिरला.

पिरिहिरानं एकदा न विचारता कर्स्टनच्या महागड्या तंग विजारी नव्वदवर काढल्या. बाहेर आल्या त्या शिजलेल्या शेवयांसारख्या लोळागोळा होऊन. कर्स्टन ओरडली नाही, रडलीही नाही. ती विजार घालून ती दिवसभर घरात फिरली, दर चार पावलांवर वर ओढत. पिरिहिराला हसू आवरेना आणि शेवटी दोघी ओट्याला धरून हसत सुटल्या. पण त्यानंतरही काटा नव्वदवरून खाली आला नाही.

पडवीत व्हिनेगरचा वास येऊ लागला की एरुएरा आत डोकावून विचारायचा, तळलेले मासे कुणी आणलेत.

भांडण खरं पेटलं होतं ते एकदाच, जिमच्या पहिल्या वर्षी. बादली सापडली नाही म्हणून कर्स्टननं जिमचे कपडे ओट्यावरच्या मोठ्या पितळी रंगाच्या परातीत भिजवले. पिरिहिरा त्याच परातीत भाकरीचं पीठ मळायची. ती दारात आली, तिनं पाहिलं, आणि तिच्या पोटातून जे काही वर आलं त्याला राग म्हणणं कमी होईल. तिनं परात उचलली, अंगणात नेली, बूड भोसकलं, माती भरली आणि जिरेनियम लावला. तो जिरेनियम अजून आहे. घरात त्याला ‘कर्स्टनची परात’ म्हणतात आणि कर्स्टन स्वतः रोज त्याला पाणी घालते. तेव्हापासून ती चुकली नाही. हात धुवायची बादली वेगळी, फरशीची वेगळी, फडक्यांची वेगळी, सगळं तिनं पाठ करून टाकलं. पिरिहिरा मात्र तिला रोज आठवण करून द्यायचीच. सासू म्हटल्यावर तेवढं करावं लागतं.

आता जे सांगायचंय ते पिरिहिरानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात गाडीची किल्ली तिला पावाच्या डब्यात सापडली होती. एकदा ती दुकानातून घरी येताना जुन्या घराकडे वळली, जे विकून वीस वर्षं झाली होती. दार वाजवणार, एवढ्यात भान आलं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी साखरेच्या डब्यात मीठ, मग चुलीवर रिकामा हंडा, आणि शेवटी पिरिहिराला तिनं विचारलं होतं, “बाई, तू कुणाची गं?” पिरिहिरा हे आठवलं की उठून काहीतरी धुवायला घ्यायची. फडकी मोजायची. दोनशे चाळीस भरली की तिला बरं वाटायचं. फडकी बरोबर असेपर्यंत आपण बरोबर आहोत, असा तिनं स्वतःशी करार केला होता.

ऑगस्टमध्ये म्हातारा हाकाराइया गेला. मोठं गणगोत, तिकडचे ऐन थंडीचे दिवस, ऑकलंडहून बसगाड्या भरून माणसं. पहिल्याच दिवशी सगळी फडकी ओली झाली. पिरिहिरा दुपारी टोपल्या घरी नेऊन धुवायची आणि संध्याकाळच्या पंगतीला परत आणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अशीच टोपली घेऊन पडवीत आली. पाय सुजलेले, पहाटे चारपासून उभी. मोठ्या मशीनमध्ये कर्स्टननं एरुएराचे जिमचे कपडे उलटे करून भरून ठेवले होते, गार पाण्यावर लावायचे म्हणून. पिरिहिरानं काचेचं दार उघडलं, साठ फडकी आत कोंबली, साबण किसला, काटा नव्वदवर फिरवला आणि आत जाऊन चहा घेतला.

तासाभरानं कर्स्टन मराएवरून आली. तिनं दार उघडलं आणि ती तिथंच खाली बसली. जिममधून फुकट मिळालेल्या एरुएराच्या जांभळ्या शर्टाचा रंग सगळ्या फडक्यांना लागला होता. लग्नातली राणी जांभळी पडली होती. किवी पक्षी जांभळा. आणि एका फडक्याला गुंडाळून एरुएराची चड्डी.

पिरिहिरा तिच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं पाहिलं. छोट्या मशीनकडे पाहिलं, ते कोरडं होतं. पुन्हा मोठ्याकडे पाहिलं. तिला आपण दार उघडल्याचं आठवेना. टोपली आणल्याचं आठवत होतं, चहा आठवत होता आणि मधला तुकडा कुणीतरी कापून नेल्यासारखा नव्हताच.  

आणि नेमकी तेव्हाच मागच्या दारातून मकारेता आली. मकारेता एरुएराची बहीण, मराएच्या स्वयंपाकघराची मुख्य, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती फडकी न्यायला आली होती. तिनं मशीनमध्ये डोकावलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

“हे कुणी केलं?” मकारेतानं विचारलं.

“मी, आंटी,” कर्स्टन म्हणाली. ती अजून जमिनीवरच बसली होती. “घाईत होते. चुकून टाकली.”

पिरिहिरा बोलायला हवी होती. तिथंच, त्याच क्षणी. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिची मूठ तीस वर्षं झाकलेली होती. ती गप्प राहिली. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरी ती गप्प राहिली.

मकारेता पुष्कळ बोलली. चार वर्षं झाली तरी, आणि शेवटी पाकेहा ते पाकेहाच, वगैरे. मग तिनं निकाल दिला. उरलेल्या दीड दिवसात कर्स्टननं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. संडास धुवायला माणूस कमी होतं, तिनं तिथं जावं. आणि जो संडास धुतो तो अन्नाला हात लावत नाही, म्हणजे ही शिक्षा पक्की. मकारेतानं शेजारपाजारच्या घरांतून फडकी गोळा केली आणि पंगतीच्या आत ही गोष्ट स्वयंपाकघरात, आवारात आणि ऑकलंडच्या बसगाड्यांतही पोचली.

एरुएराला मात्र ती पटली नाही. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं मशीनवरचा काटा पाहिला, साबणाचा कीस पाहिला. कर्स्टन आपले कपडे नव्वदवर लावेल? ती आधी घर सोडून जाईल.  त्यानं बायकोसाठी कढत पाण्याची बादली आणली आणि तिचे सुजलेले पाय स्वतः त्यात ठेवले. पिरिहिराला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी हाकाराइयाला माती दिली आणि सगळे शेवटच्या मोठ्या जेवणाला बसले. शिंपले, डुकराचं मांस, जमिनीतल्या भट्टीत शिजलेली रताळी. पिरिहिरा मोरीपाशी उभी राहून उसन्या फडक्यानं ताटं पुसत होती. समोरच्या खिडकीतून संडासांची रांग दिसायची. कर्स्टन रबरी हातमोजे घालून फरशी घासत होती. तिच्याजवळून जाणाऱ्या दोन पोरींनी एकमेकींना कोपर मारलं आणि हसल्या. कर्स्टननं वर पाहिलं नाही. इतके दिवस पिरिहिरा तिला दिवसातून दोनदा सांगत आली होती की कुठलं काय कशात धुवायचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता आपल्या डोळ्यात केवढं मुसळ होतं, ते तिला त्या खिडकीतून दिसलं.

जेवण संपत आलं की रांधणाऱ्यांना बाहेर बोलावतात. गरम हातांची माणसं म्हणतात त्यांना. ती तशीच ऍप्रन लावून, केस विस्कटलेली, ओळीनं उभी राहतात आणि गाणं म्हणतात, मग पाहुणे टाळ्या वाजवतात. पिरिहिरा नेहमी पहिल्या ओळीत असायची. मकारेतानं सूर लावला. सगळ्यांनी धरला. पिरिहिरानं धरला नाही. ती एक पाऊल पुढे आली आणि तिनं हात वर केला. गाणं कडेकडेनं विरत गेलं.

“गाणं नंतर,” ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. “माझी सून तिकडं संडास धुतेय. का, ते तुम्हां सगळ्यांना माहिताय, मकारेतानं सांगितलंय म्हटल्यावर. पण ते खोटं आहे. फडकी मी टाकली. एरुएराच्या चड्डीबरोबर, नव्वदवर. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिला बोलू दिलं.”

कुणीतरी हसायला लागलं आणि शेजारच्यानं त्याला गप्प केलं.

“का टाकली, ते मला आठवत नाही,” पिरिहिरा म्हणाली. “मुळात टाकल्याचंच आठवत नाही. माझ्या आईचं कसं झालं ते इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी गप्प बसले. भ्याले मी.”

 पिरिहिराला वाटलं, संपलं. आता कुणीतरी उठून म्हणेल, फडकी दुसऱ्या कुणाकडे द्या. तिनं ऍप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला.

मकारेता पुढे आली. तिनं ती गाठ पुन्हा घट्ट बांधली. “नव्वदवर म्हणजे चड्डी गेली म्हणायची,” ती म्हणाली. मग सगळं सभागृह हसलं, एरुएरा सगळ्यांत मोठ्यानं, आणि हसता हसता तोच डोळे पुसू लागला. मकारेता तिथं थांबली नाही. मी धाडलं, मीच आणते, असं पुटपुटत ती बाहेर गेली. तिनं कर्स्टनला हातमोजे काढायला लावले, नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायला लावले, स्वतःचा ऍप्रन उतरवून तिला बांधला आणि हाताला धरून ओळीत आणून उभं केलं. कर्स्टनला गाण्याचे शब्द अर्धेच येत होते. तिनं अर्धेच म्हटले.

 घरी अंगणात उतरल्यावर पिरिहिरानं जिरेनियमपाशी कर्स्टनला थांबवलं आणि विचारलं, का केलंस.

“मा, मकारेता आंटीच्या हिशेबी मी परातवालीच आहे,” कर्स्टन म्हणाली. “माझं अजून काय जाणार होतं? तुमचं जाणार होतं.”

पिरिहिरानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खाली ओढलं, कारण उंची फार होती, आणि कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. तिचं या पोरीवर प्रेम होतं आणि ते तिनं तेव्हा सांगून टाकलं, आडवळणानं नाही, सरळ.

पुढच्या आठवड्यात कर्स्टन तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. हॉर्न वाजवावा लागला नाही. डॉक्टरनं शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. पिरिहिरानं सांगितलं की हे तिला शाळेतही आलं नव्हतं. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाली, थोडं आहे, किती वेगानं वाढेल ते आत्ताच सांगता येत नाही, सहा महिन्यांनी या. पिरिहिराला ते आवडलं नाही, पण इतके महिने ती एकटी जे वाहत होती ते आता चौघांनी धरलं होतं.

ती साठ जांभळी फडकी मराएवर जाणं शक्यच नव्हतं. ती जिममध्ये गेली. आता एरुएरा वजन उचलून झालं की जांभळ्या राणीला तोंड पुसतो, होहेपा किवी पक्ष्याला. जिममधल्या बाकीच्यांनीही मागून घेतली.

आणि छोटं मशीन पिरिहिरानं कर्स्टनच्या हवाली केलं. मकारेतानं ते ऐकलं तेव्हा नाक मुरडलं खरं, पण पुढच्या मयताला टोपली आणून ठेवली ती कर्स्टनच्याच पायाशी. कर्स्टननं सवयीनं विचारलं, पाणी गार ठेवू का. पिरिहिरानं तिच्याकडे असं पाहिलं की काटा मुकाट्यानं नव्वदवर गेला. मोठं मशीन आता पिरिहिराकडे आहे. ती जिमचे कपडे उलटे करते, व्हिनेगरमध्ये भिजवते, नाक दाबून सावलीत वाळवते आणि वास येत नाही हे कबूल करायचं मात्र टाळते.

हातात कपडा आला की ती मशीन उघडण्याआधी थांबते आणि सुनेला हाक मारून विचारते, “हे कुठल्यात?” बहुतेक वेळा तिला माहीत असतं. कधी कधी नसतं. कर्स्टन कुठंही असली तरी येते, कपडा बघते आणि सांगते. एवढं तर तुम्हांला ठाऊकच आहे, असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही.